मेक्सिकोचं युद्ध, गुलामगिरीचा विस्तार आणि खासगी पत्रं: मजकुराआधी मायना वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी अमेरिका-मेक्सिको युद्ध (१८४६-४८) आणि गुलामगिरीच्या विस्तारावरून झालेली फाटाफूट हा विषय घेतलाय आणि तो लिंकन, ग्रँट वगैरेंच्या खासगी पत्रांतून मांडायचाय. भाषणं आणि ठराव छापील मिळतात, मग पत्रांत जास्तीचं काय सापडतं? आणि ‘गुलामगिरीला विरोध होता म्हणून लिंकननं युद्धाला विरोध केला’, असं पत्रांच्या आधारे लिहिता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही, तसं लिहू नका, कारण पत्रंच तुम्हाला खोटं पाडतील. का ते पुढे येईलच.

माझी उमेदवारी मोडी कागदांवर झाली. रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचा आणि मजकुराला हात घालण्याआधी तीन गोष्टी टिपायच्या: मायना, रवानगीची तारीख आणि पैवस्ती. कोण कुणाला काय म्हणून लिहितोय, पत्र कधी निघालं, कधी पोचलं. बखर वाचताना ही सोय नसते. बखरकाराला शेवट माहीत असतो, त्यामुळे तो सुरुवातही शेवटाला साजेशी करून घेतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. अमेरिकन कागद पुढ्यात आले तेव्हा मी हीच सवय तिकडे नेली, आणि अजून तरी तिनं दगा दिलेला नाही.

पार्श्वभूमी भरभर सांगतो. मेक्सिकोनं १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती. टेक्सास १८३६ मध्ये मेक्सिकोतून फुटलं ते गुलामांसकट, आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं. न्यूसेस आणि रिओ ग्रान्दे या दोन नद्यांमधल्या पट्ट्यावर दोन्ही देशांचा दावा होता. अध्यक्ष पोल्क यांनी तिथं फौज धाडली, एप्रिल १८४६ मध्ये चकमक झाली आणि ‘अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकेचं रक्त सांडलं’ असं म्हणत त्यांनी मे महिन्यात काँग्रेसकडून (अमेरिकेच्या संसदेकडून) युद्ध पदरात पाडून घेतलं. ८ ऑगस्ट १८४६ ला पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मटनं वीस लाख डॉलरच्या खर्चाच्या विधेयकाला एक पुरवणी जोडली: मेक्सिकोकडून मिळेल त्या मुलखात गुलामगिरी असणार नाही. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये अडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तोवर मतं पक्षानुसार पडत होती, इथून ती उत्तर-दक्षिण अशी पडायला लागली. विल्मटला गुलामांचा कळवळा होता असं मात्र समजू नका. नवी जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी मोकळी राहावी, हा त्याचा मुद्दा होता आणि तो त्यानं लपवलाही नाही.

आता लिंकन. डिसेंबर १८४७ मध्ये तो इलिनॉयमधून व्हिग पक्षाचा, म्हणजे पोल्क यांच्या विरोधी पक्षाचा, प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला आला. २२ डिसेंबरला त्यानं ठराव मांडले: रक्त सांडलं ती जागा नेमकी कुठली, ते अध्यक्षांनी दाखवावं. ३ जानेवारी १८४८ ला अ‍ॅशमन यांची दुरुस्ती आली. हे युद्ध अध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीनं सुरू केलं, असं तीत म्हटलं होतं. लिंकननं बाजूनं मत दिलं. इतकं छापील नोंदीतही मिळतं.

नोंदीत मिळत नाही ते स्प्रिंगफील्डमध्ये घडलं. तिथं त्याच्या वकिलीच्या कचेरीत विल्यम हर्नडन हा भागीदार बसलेला होता. लिंकनहून नऊ-दहा वर्षांनी लहान. तो लिंकनला ‘मिस्टर लिंकन’ म्हणे आणि लिंकन त्याला ‘बिली’. गावात लोक काय बोलतायत ते त्याच्या कानावर येत होतं. इलिनॉयची पोरं मेक्सिकोत लढत होती, मरत होती, आणि आपला माणूस राजधानीत बसून युद्धाला नावं ठेवतोय. त्यानं काळजीनं पत्र लिहिलं. १९ जानेवारीचं ते पत्र लिंकनला ३१ तारखेच्या रात्री पोचलं आणि उत्तर १ फेब्रुवारीला निघालं. म्हणजे बारा दिवस प्रवास आणि एका रात्रीत जबाब. पैवस्ती पाहा म्हणतो ती यासाठी. हाच लिंकन एरवी पत्रांच्या बाबतीत महाआळशी, ते तो स्वतःच कबूल करतो. इथं त्याला दम धरवला नाही.

त्या पत्राचा भावार्थ असा: मी मत दिलं म्हणून तुझं-माझं पटत नाही असं तुला वाटतंय. तू माझ्या जागी असतास तर तूही हेच केलं असतंस, मी जिवाची पैज लावतो. जे खोटं आहे हे तुला ठाऊक आहे, त्याच्या बाजूनं मत दिलं असतंस? नाही. मग सभागृहातून हळूच सटकला असतास? तेही नाही. एकदा सटकला असतास तर अधिवेशन संपेपर्यंत आणखी कितीदा सटकावं लागलं असतं.

हे सभागृहातलं बोलणं नाही. सभागृहात तो पोल्कशी भांडत होता, इथं तो स्वतःच्या घरच्या माणसाला समजावतोय, आणि ‘तुझा गैरसमज झाला तर बाकीच्या चांगल्या मित्रांचाही होईल’ अशी धास्तीही त्याच दमात सांगून जातो. राजकीय तणाव म्हणतात तो असा दिसतो. शत्रूवर तोफा डागणं सोपं असतं, भागीदाराचं पत्र उघडताना पोटात गोळा येतो.

हर्नडनही थांबला नव्हता. हे उत्तर निघण्याआधीच, २९ जानेवारीला, त्यानं पुन्हा लिहिलं होतं, यावेळी घटनेचा मुद्दा काढून: आक्रमण परतवण्यासाठी अध्यक्षाला सीमा ओलांडावी लागली तर ते योग्यच. १५ फेब्रुवारीचं लिंकनचं उत्तर प्रसिद्ध आहे. शेजारच्या देशात घुसणं कधी गरजेचं आहे ते अध्यक्षानंच ठरवायचं, अशी मुभा एकदा दिलीस की त्याला मन मानेल तेव्हा युद्ध करण्याची मुभा दिलीस. राजे लोक नेहमी प्रजेचं भलं पुढे करून तिला युद्धात ओढत आणि कंगाल करत आले, म्हणून तर युद्धाचा अधिकार काँग्रेसकडे ठेवला. हर्नडनची बाजू, लक्षात घ्या, मी लिंकनच्या उत्तरांतून उभी करतोय. टेलिफोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकावं तसं हे आहे, तेव्हा त्याच्या तोंडी वाक्यं घालताना जपून.

आता ही दोन पत्रं गुलामगिरी शोधत पुन्हा वाचा. हाती काही लागणार नाही. सगळा वाद सत्य-असत्याचा आणि युद्धाच्या अधिकाराचा. तुमच्या विधानाची पंचाईत होते ती इथं.

मग तो विचार लिंकनच्या डोक्यात नव्हता का? होता, पण दुसऱ्या पत्रात आणि दुसऱ्या माणसासाठी. ३ ऑक्टोबर १८४५ ला, युद्धाच्याही आधी, विलियमसन डर्ली या गुलामगिरीविरोधी ‘लिबर्टी’ गटातल्या माणसाला त्यानं लिहिलं होतं. टेक्सासच्या प्रश्नात मला कधी फारसा रस नव्हता, असं तो तिथं चक्क म्हणतो. पण पुढे एक वाक्य येतं आणि पुढची पंधरा वर्षं त्या वाक्याभोवती फिरतात: दुसऱ्या राज्यांतल्या गुलामगिरीला आपण हात लावू नये, पण जुन्या जागी तिला जगता येईनासं झालं की नव्या जागा शोधून देऊन तिचं नैसर्गिक मरण आपण कधीही टाळू नये. प्रबंधिकेत ‘विस्ताराला विरोध’ याचा अर्थ सांगायचा असेल तर हे पत्र घ्या, १८४८ ची नको. आणि ते कुणाला लिहिलंय तेही सांगा. डर्लीच्या गटाची मतं त्याला हवी होती. १८४४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या लिबर्टीवाल्यांनी व्हिग पक्षाचे उमेदवार हेन्री क्ले यांना मत दिलं असतं तर क्ले अध्यक्ष झाले असते आणि टेक्सास आलंच नसतं, असा हिशेबही त्याच पत्रात आहे.

क्ले यांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. त्या काळात ‘पत्र’ म्हणजे खासगीच असं धरून चालू नका. एप्रिल १८४४ मध्ये क्ले यांनी टेक्सासच्या सामिलीकरणाविरुद्ध पत्र लिहिलं ते वर्तमानपत्रात छापण्यासाठीच. दक्षिणेत कुरकुर झाली तशी जुलैत अलाबामाकडे आणखी पत्रं लिहून सूर मवाळ केला. उत्तरेतले नाराज, दक्षिणेतले साशंक, आणि न्यूयॉर्क सुमारे ५,००० मतांनी हातचं गेलं. याच्या उलट परराष्ट्रमंत्री कॅल्हूननं ब्रिटिश राजदूत पॅकनहॅम याला १८ एप्रिल १८४४ ला लिहिलेलं पत्र. ते सरकारी आणि गुप्त. त्यात गुलामगिरीची उघड वकिली आणि तिचा टेक्सासशी जोडलेला संबंध. ओहायोच्या एका सिनेटरनं ते वर्तमानपत्राकडे पोचवलं आणि सामिलीकरणाचा तह सिनेटनं ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. कागदावर दोन्ही पत्रंच, पण एक चावडीवर वाचायला लिहिलेलं आणि दुसरं चावडीवर पोचू नये म्हणून जपलेलं.

मायना बदलला की काय होतं, ते एकाच जोडीवर दाखवतो. २ फेब्रुवारी १८४८. त्याच दिवशी तिकडे ग्वादालूपे इदाल्गोला तहावर सह्या होत होत्या, वॉशिंग्टनला अर्थातच पत्ता नव्हता. लिंकननं हर्नडनला चार ओळी खरडल्या: जॉर्जियाचे मिस्टर स्टीफन्स, लहानखुरा, फिकट, क्षयी दिसणारा माणूस, त्यांनी आत्ताच तासभराचं भाषण संपवलं, मी ऐकलेलं सगळ्यांत उत्तम, माझे म्हातारे सुकलेले डोळे अजून पाण्यानं भरलेत. (म्हातारे म्हणे! अडतीस वर्षांचा होता.) अलेक्झांडर स्टीफन्स युद्धाच्या विरोधात बोलले होते, पक्ष दोघांचा एकच. आणि स्टीफन्स गुलामांचे मालक होते. युद्धाचा विरोधक म्हणजे गुलामगिरीचा विरोधक, ही समजूत काढून टाकायला एवढं एक पत्र पुरे.

आता २२ डिसेंबर १८६०. लिंकन निवडून आलाय, शपथ व्हायचीय, दक्षिण कॅरोलायना दोनच दिवसांपूर्वी संघराज्यातून बाहेर पडलंय. स्टीफन्स यांनी जॉर्जियात फुटून निघण्याविरुद्ध भाषण केलं होतं, त्यावरून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. लिंकनच्या पत्रावर शेरा आहे: फक्त आपल्या नजरेसाठी. आत तो खात्री देतो की तुमच्या गुलामांना आम्ही हात लावणार नाही, आणि स्वतःची ओळख करून देतो ‘एके काळचा मित्र आणि अजून, मला आशा आहे, शत्रू नसलेला’ अशी. मग ती वाक्यं येतात: गुलामगिरी योग्य आहे आणि ती पसरावी असं तुम्हाला वाटतं, ती चूक आहे आणि तिला बांध घालावा असं आम्हाला वाटतं. घोडं अडतंय ते इथं. दोन महिन्यांत स्टीफन्स दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष झाले. ‘फक्त आपल्या नजरेसाठी’ लिहिलेलं ते पत्र यादवी युद्धानंतर छापून आलं. आणि तो क्षयी दिसणारा माणूस लिंकनमागे अठरा वर्षं जगला.

ग्रँटबद्दल मोजकंच, कारण विद्यार्थी नेमके तिथं घसरतात. मेक्सिकोचं युद्ध म्हणजे बलाढ्य राष्ट्रानं दुबळ्यावर लादलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी एक, हे त्याचं मत सगळे उद्धृत करतात. ते आत्मचरित्रातलं आहे, १८८५ च्या सुमाराचं. मधल्या काळात तो यादवी युद्ध जिंकलेला सेनापती आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला होता. आमच्या भाषेत ती बखर. १८४६ मध्ये तो चोवीस वर्षांचा लेफ्टनंट होता आणि पत्रं लिहीत होता वाग्दत्त वधूला. तिचं नाव ज्युलिया डेंट आणि तिचे वडील सेंट लुइसजवळचे गुलामांचे मालक. २५ जुलै १८४६ ला माटामोरोसहून तो लिहितो की इथं खून फार होतायत, काही स्वयंसेवकांना आणि जवळजवळ सगळ्या टेक्सासवाल्यांना जिंकलेल्या शहरातल्या लोकांना छळणं, अंधाराच्या आडोशानं मारणंसुद्धा रास्त वाटतं, आणि ते थांबवायला कुणी फारसं काही करत नाही. युद्ध गुलामांची राज्यं वाढवण्यासाठी आहे, हा सिद्धांत आत्मचरित्रात आहे, या पत्रात नाही. होणाऱ्या सासऱ्याच्या घरी जाणाऱ्या पत्रात तो असता तरच नवल. म्हणून आत्मचरित्र फेकून द्या असं नाही. पण १८४६ चा ग्रँट काय म्हणत होता आणि १८८५ चा काय म्हणाला, हे दोन वेगळे परिच्छेद करा.

पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेल्या रॉबर्ट ली यानं २७ डिसेंबर १८५६ ला बायकोला लिहिलेलं पत्रही असंच अर्धं कापून फिरवतात. गुलामगिरी हे नैतिक आणि राजकीय पाप आहे, इथवर वाचायचं आणि थांबायचं. पुढच्या ओळींत तो म्हणतो की त्याचा जास्त त्रास गोऱ्यांना होतो आणि काळे लोक आफ्रिकेपेक्षा इथं कितीतरी बरे आहेत. पत्र लेखनसीमेपर्यंत, म्हणजे अगदी शेवटच्या खुणेपर्यंत, वाचायचं असतं, एवढंच.

आता माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण. वर्गात मी सुरुवात यानंच करतो.

१८४१ च्या उन्हाळ्यात लिंकन केंटकीत, लुइव्हिलजवळ, जोशुआ स्पीड या जिवलग मित्राच्या घरी काही आठवडे राहिला. हेम्प (दोरखंडाच्या धाग्याचं पीक) पिकवणारा मोठा मळा, राबायला गुलाम. परतताना दोघे आगबोटीनं सेंट लुइसला गेले. २७ सप्टेंबरला त्यानं स्पीडच्या बहिणीला, मेरीला, आभाराचं पत्र लिहिलं. त्यात दाढ आहे: तुमच्याकडे असताना काढायला गेलो आणि जमलं नाही ती दाढ, आठवड्यापूर्वी उपटली, जबड्याच्या हाडाचा तुकडा घेऊन आली, आता ना बोलता येतं ना खाता येतं. आणि बोटीवरचे गुलाम आहेत: एका गृहस्थानं केंटकीतून बारा जण विकत घेतले होते आणि तो त्यांना दक्षिणेतल्या मळ्यावर नेत होता. सहा-सहा जण साखळीनं जोडलेले, प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लोखंडी कडी, लांब दोरीला ओळीनं गळ बांधून धरलेल्या माशांसारखे. आई-बाप, बायका-मुलं कायमची मागे सुटलेली. आणि तरी, तो लिहितो, बोटीवर सगळ्यांत आनंदी दिसत होते ते हेच. बायकोवर फार जीव, या अपराधापायी विकला गेलेला एक जण सारखा फिडल वाजवत होता. माणूस कुठल्याही परिस्थितीत सुखी राहू शकतो, असं काहीसं तत्त्वज्ञान त्यावर.

चौदा वर्षांनी, २४ ऑगस्ट १८५५ ला, त्याच बोटीबद्दल त्यानं जोशुआला लिहिलं. मधल्या काळात मेक्सिकोचा मुलूख आला होता, १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं नव्या प्रदेशांची दारं गुलामगिरीला उघडली होती, कॅन्ससमध्ये त्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. जोशुआ आता स्वतः केंटकीत गुलामांचा मालक. त्याचं २२ मेचं पत्र आलं होतं: माझ्या गुलामावरचा कायदेशीर हक्क सोडण्यापेक्षा संघराज्य मोडलेलं पत्करेन, त्यातून ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्या सांगण्यावरून तर नाहीच. लिंकननं तीन महिने उत्तर दिलं नाही. हर्नडनला एका रात्रीत, स्पीडला तीन महिन्यांनी. हे गप्प बसणंही पुरावाच आहे.

मग लिहिलं ते असं. हक्क सोड म्हणून तुला कुणी सांगतंय असं मला दिसत नाही, मी तर नाहीच. पळालेल्या बिचाऱ्यांची शिकार करून त्यांना फटक्यांकडे आणि फुकटच्या राबण्याकडे परत नेतात ते मला बघवत नाही, पण मी ओठ चावून गप्प बसतो. १८४१ मध्ये आपण दोघे आगबोटीनं गेलो होतो, नदीला पाणी कमी, प्रवास कंटाळवाणा. तुला आठवत असेल, दहा-बारा गुलाम साखळदंडांत होते. ते दृश्य मला सतत छळत राहिलं. जी गोष्ट मला दुःखी करण्याचं सामर्थ्य बाळगून आहे तिच्याशी माझा काही संबंध नाही, असं तू धरून चालणं बरोबर नाही.

फिडल गेलं. आनंदी चेहरे गेले. साखळी राहिली.

मग खोटं कधी लिहिलं, १८४१ ला की १८५५ ला? वर्गात हात वर होतात ते याच प्रश्नावर, आणि मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. पहिलं पत्र ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरच्या मुलीला, दुखऱ्या तोंडानं, गमतीच्या सुरात. घरात गुलाम असणाऱ्या यजमानांना आभाराच्या पत्रात कोण यातना लिहील? दुसरं पत्र वाद घालायला, आणि ज्यानं ते दृश्य स्वतः शेजारी उभं राहून पाहिलं होतं त्यालाच साक्षीला बोलावून. १८४१ च्या पत्रातही माशांची उपमा आणि सुटलेली बायका-मुलं आहेतच. डोळ्यांनी टिपलं होतं सगळं. कुठलं कुणापुढे काढायचं, ते मधल्या चौदा वर्षांनी ठरवलं.

त्याच पत्रात तो म्हणतो, मी स्वतःला व्हिग समजतो, पण लोक म्हणतात व्हिग आता उरलेच नाहीत. वॉशिंग्टनला असताना विल्मटच्या पुरवणीला मी चाळीसएक वेळा तरी मत दिलं, तेव्हा मला कुणी पक्षाबाहेर काढलं नाही. हा चाळीसचा आकडा तळटीप देऊन आकडेवारीत घालू नका, मित्राशी बोलताना माणूस ‘शंभरदा सांगितलं’ म्हणतो त्यातला तो आहे. आणि शेवटी: तुझ्या पत्नीला नमस्कार, या पत्रातल्या मुख्य विषयावर तुझ्यापेक्षा तिची सहानुभूती मला जास्त आहे. तरीही मी कायमचा तुझा मित्र. आपल्याकडे ‘बहुत काय लिहिणे’ म्हणत, तसा नुसता रिवाज म्हणून हा शेवट आलेला नाही. आधी पानंच्या पानं भांडल्यावर तो आलाय.

राहिली एक मोठी पोकळी. या सगळ्या पत्रांत साखळीतल्या बारा जणांपैकी एकाचंही नाव नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता, तेव्हा त्यांच्या हातची पत्रं थोडकीच. म्हणून निदान एक पत्र प्रबंधिकेत घ्याच: पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं ३ सप्टेंबर १८४८ ला, सुटकेच्या दहाव्या वर्षदिनी, जुना मालक थॉमस ऑल्ड याला लिहिलेलं. मायना खासगी, छापलं मात्र जाहीर, स्वतःच्या वर्तमानपत्रात. मी तुझा सहमानव आहे, गुलाम नाही, असं म्हणून ते संपतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यामुळे मराठी वाचकाला या गोष्टीचा शेवट ठाऊक असतो. मधली वर्षं, जेव्हा सदाचारी लोकसुद्धा ओठ चावून गप्प होते, ती या पत्रांत आहेत.

कामाची सुरुवात अशी करा. लिंकनचं समग्र लेखन तारीखवार, फुकट ऑनलाइन वाचता येतं. एका तक्त्यात पाच रकाने आखा: कुणाला, रवाना, पैवस्ती, गुलामगिरीचा उल्लेख आहे की नाही, आणि पत्र छापलं कधी. डर्लीला लिहिलेलं, हर्नडनला लिहिलेली तिन्ही, दोन बोटीची, स्टीफन्स यांना लिहिलेलं, एवढी सात भरा. चौथ्या रकान्यात ‘नाही’ कुठं कुठं येतं ते पाहून मग प्रकरणांची नावं ठरवा. तक्ता तयार झाला की पाठवा, बघतो.